वाहनविक्रेत्याचें संकेतस्थळ

इ. स. १८८८ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे वडील बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. सायकल तेव्हां नवलाची वस्तु होती. ती नुसती विकून भागण्यासारखें नव्हतें. म्हणून गिऱ्हाइकास तीवर बसावयासही शिकवावें लागे. पुढें १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली, ती कारखान्याच्या मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणून. आधीं समजावून सांगावें, मग विकावें, हेंच ह्या दोन्ही उद्योगांतील व्यापारी शहाणपण. आजचा वाहनविक्रेता इंटरनेटवर संकेतस्थळ उघडतो, त्याचेंही खरें काम हेंच आहे.

तें संकेतस्थळ कसें असावें, हें कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत चांगलें समजतें. कागल व हातकणंगले तालुक्यांत पसरलेल्या ह्या वसाहतीजवळून पुणें-बेंगळूर महामार्ग जातो आणि कागलच्या पुढें थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. येथील कामगार दुचाकी घ्यावयाची म्हणतो, तेव्हां पाळी सुटतांना मिळालेल्या चार मिनिटांत तो मोबाइलवर भाव पाहतो. तेवढ्या वेळांत जें पान उघडत नाहीं, तें त्याच्या दृष्टीनें बंद दुकानच होय. म्हणून जड चित्रें थोडीं, अक्षर ठळक आणि भाषा मराठी असावी.

त्याचा पहिला प्रश्न किंमतीचा. मोठ्या अक्षरांत झळकते ती एक्स-शोरूम किंमत; तींत रस्ता-कर व विमा धरलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वयें सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा व नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा एकदम उतरवावा लागतो. पहिल्याच आंकड्यावर हप्त्याचा हिशेब बसविणाऱ्याचें महिन्याचें गणित येथें चुकतें.

सीमेमुळें आणखी एक पेंच पडतो. एकाच यंत्रावर दोघे राबतात. एक मुरगूडचा, दुसरा निपाणीचा. वाहनाची नोंदणी मालकाच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या राज्यांत व्हावयाची असते. त्यामुळें एकाला महाराष्ट्राचा कर, दुसऱ्याला कर्नाटकाचा. गाडी एक, शोरूम एक, पण रस्त्यावर येईपर्यंतच्या किंमती दोन! तेव्हां संकेतस्थळानें पहिल्यानें राहण्याचें ठिकाण विचारावें आणि कर, विमा, नोंदणी, जोडसामान यांच्या रकमा निरनिराळ्या मांडून खालीं बेरीज द्यावी.

कांहीं संकेतस्थळें भाव दाखविण्यापूर्वींच मोबाइल क्रमांक मागतात. दुकानाची पायरी चढणाऱ्यास आधीं नांवगांव लिहून द्या म्हणणें जसें अप्रशस्त, तसेंच हें. वैयक्तिक माहिती संमतीनें व कामापुरतीच घ्यावी, असें २०२३ च्या कायद्याचेंही सूत्र आहे.

विक्रीनंतरचें काम तर याहून महत्त्वाचें. सर्व्हिसिंगची वेळ पाळी सांभाळून आधीं ठरवितां यावी, सुटे भाग शिल्लक आहेत कीं नाहींत तें कळावें, आणि दिलेल्या क्रमांकावर कोणी माणूस बोलावा.

शहरांतील कुटुंबांनींही गाडी ठरवितांना बेरजेचा हा तक्ता लेखी मागून घ्यावा. तो देण्यास जो विक्रेता कांकूं करतो, त्याचें संकेतस्थळ कितीहि देखणें असो, व्यवहार तेथेंच थांबवावा.