पहिली नोकरी आणि पहिली कीर्द

(मंडळाच्या कडेगाव येथील वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी आपल्या हस्ते श्रीफळ स्वीकारले, त्यांत वाणिज्य शाखेचे पदवीधर बरेच आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांना उद्देशून दोन शब्द बोलावेत अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत सारी हयात घालविली. तेव्हा पदवीधरांना उपदेश करण्याचा अधिकार या मास्तरास कोणी दिला, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती गैर म्हणता येणार नाही. माझा अधिकार एवढाच की, मुख्याध्यापक म्हणून शाळेच्या अनुदानाची कीर्द आणि पोषण आहाराच्या तांदळाचा साठा मी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिला. संध्याकाळी पोते मोजल्यावर वहीतला आकडा आणि पोत्यातला तांदूळ जुळला नाही, तर मास्तराला रात्री झोप येत नाही, एवढे शिक्षण मला त्या वहीने दिले आहे.

दुसरे कारण मात्र सांगण्यास थोडे जड आहे. मेळावा आटोपला की दर वर्षी चार-दोन पालक मला बाजूला घेतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोरगा बी.कॉम. झाला, संगणकावरचे टॅलीही शिकला. कुठे तरी हिशेबाच्या कामाला लावा. आपली एक चिठ्ठी द्या." अशा चिठ्ठ्या मी पूर्वी पुष्कळ दिल्या. आता देत नाही. काहींना त्याचा राग आहे, तो मला ठाऊक आहे. म्हणून कारण आज सर्वांसमक्ष सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यास मी असेच शिफारसपत्र दिले. संस्थेचे नाव मी घेणार नाही, मुलाचेही नाही. पत्रात मी लिहिले होते, 'मुलगा हुशार, नम्र आणि आज्ञाधारक आहे.' त्याला एका पतसंस्थेत लेखनिकाची जागा मिळाली. घरी पेढे आले. त्या संस्थेवरचा विश्वास वाढला म्हणून आम्ही काही जणांनी तेथे ठेवीही ठेवल्या. पुढे चार-पाच वर्षांत संस्थेने ठेवी परत करणे बंद केले. चौकशी झाली तेव्हा दिसून आले की, ज्या कर्जांना अर्ज नव्हता, तारण नव्हते, व्हाउचरवर कर्जदाराची सही नव्हती, त्यांच्या नोंदी त्याच मुलाच्या हातच्या होत्या. त्याने एक पैसाही खाल्ला नव्हता. परंतु जबाब देण्यासाठी तो वर्षानुवर्षे हेलपाटे घालीत राहिला, आणि हिशेबाच्या कामावर त्याला पुन्हा कोणी उभे केले नाही. एकदा तो मला म्हणाला, "गुरुजी, साहेब सांगतील ते लिहायचे असते, असे मला वाटले. आपणच पत्रात आज्ञाधारक म्हणून लिहिले होते."

माझी ठेव बुडाली त्याचे दुःख काळाने कमी झाले. हे वाक्य मात्र अजून बोचते. शाळेत ज्या गुणाला आम्ही शाबासकी देतो, तो गुण हिशेबाच्या टेबलावर कोठपर्यंत न्यावा, हे मी त्या मुलाला कधीच शिकविले नव्हते. म्हणून आजच्या पदवीधरांना माझे पहिले सांगणे हे की, तुम्ही वरिष्ठांची आज्ञा जरूर पाळा, पण तिची हद्द व्हाउचरपाशी संपते. व्हाउचर नाही, सही नाही, तर नोंद नाही. हे सांगण्यास भांडण करावे लागत नाही. "साहेब, यावर आपली सही हवी," एवढे शांतपणे म्हटले की पुष्कळ खोटी नोंद जागच्या जागी थांबते. आणि एवढे म्हटल्यामुळे नोकरी गेलीच, तर ती नोकरी पुढे तुम्हालाच घेऊन बुडाली असती असे समजावे.

आता तुमच्या हाती असलेल्या प्रमाणपत्रांविषयी. पदवी, एम.एस.-सी.आय.टी., टंकलेखन, टॅली ही सारी उपयोगी आहेत. त्यांच्यामुळे दरवाजा उघडतो. परंतु आत गेल्यावर पहिल्याच दिवशी बहुतेकांची फजिती होते, ती कशी ते सांगतो. महाविद्यालयाच्या पुस्तकात डावी बाजू 'नावे' आणि उजवी बाजू 'जमा' अशी शिकविलेली असते. गावच्या विकास सोसायटीची किंवा दूध संस्थेची कीर्द उघडावी, तो डावीकडे 'जमा' आणि उजवीकडे 'नावे'! मुलगा गोंधळतो आणि संस्थेची वही चुकीची आहे असे समजतो. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. सभासदाने ठेव भरली, तर पुस्तक रोकडीच्या खात्याकडे पाहून ती रक्कम डावीकडे लिहिते, आणि आपली देशी कीर्द ठेवीदाराच्या खात्याकडे पाहून तीच रक्कम जमेला धरते. व्यवहार एकच, पाहण्याची जागा वेगळी. आपल्या आजोबा-पणजोबांनी मोडी अक्षरांत ज्या वह्या लिहिल्या त्या याच पद्धतीच्या होत्या. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद, या चार पायऱ्या ज्याला कागदावर चढता येतात, त्याला संगणक सोपा जातो. ज्याला फक्त कळ दाबता येते, त्याचा आकडा चुकला तर चूक कोठे आहे हे त्याला सापडत नाही. ताळेबंदात 'भांडवल व देणी' डावीकडे आणि 'जिंदगी व येणी' उजवीकडे का लिहितात, हे ज्याला पाच मिनिटांत समजावून सांगता येईल, त्याने मुलाखतीस भिण्याचे कारण नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत ऐका. तिला गुण बेताचेच होते. पदवीनंतर सहा महिने ती मामाच्या धान्याच्या दुकानात वही लिहीत होती. नातेवाईक म्हणत, "एवढे शिकून दुकानात बसली." पुढे एका कर सल्लागाराकडे ती जागेसाठी गेली. त्याने प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि न जुळणारी एक तेरीज तिच्यापुढे सरकविली. फरक २७० रुपयांचा होता. तिने आधी निम्मी रक्कम, म्हणजे १३५, कोठे चुकीच्या बाजूला पडली आहे काय ते पाहिले. तशी नोंद नव्हती. मग २७० ला नऊने भाग जातो हे तिच्या ध्यानात आले. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो, हे मामाच्या मुनिमाने तिला सांगितले होते. तिने रकमा ताडून पाहिल्या, तो ७,५२० च्या जागी ७,२५० लिहिलेले सापडले. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर रुजू झाली. तिला कोणाची चिठ्ठी लागली नाही.

नोकरी कोठे शोधावी, हाही प्रश्न पालक विचारतात. आपल्या तालुक्याकडेच पाहा. वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना आहे, शाळगाव-बोंबाळेवाडीस औद्योगिक वसाहत आहे, शेजारी पलूस तालुक्यात १९१० सालापासूनची किर्लोस्करवाडी आहे. गावोगाव सोसायट्या, पतसंस्था व दूध संस्था आहेत. विट्याच्या आसपासची माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत, त्यांनाही विश्वासाचा हिशेबनीस लागतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यापासून लहान व्यापाऱ्यालाही वहीची निकड भासू लागली. १०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के कर असेल, तर राज्यातल्या राज्यात ९०० रुपये केंद्राचे व ९०० रुपये राज्याचे असे दोन भाग दाखवावे लागतात. दरमहा विवरण भरणाऱ्यास विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. हे काम ज्याला बिनचूक येते, त्याला आपल्या बाजारपेठेतच काम आहे.

शोधण्याची वेळही महत्त्वाची आहे. आपली मुले निकाल लागल्यावर पावसाळ्यात अर्ज घेऊन निघतात. हिशेबाचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण त्यानंतर चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावी असा कायदा आहे. म्हणून हिशेबनिसाला माणसाची खरी गरज मार्च ते जुलै या काळात असते. परीक्षा संपल्याबरोबर, निकालाची वाट न पाहता, तेथे जाऊन "चार महिने हाताखाली घ्या" म्हणावे. कामाच्या गर्दीत ज्याने भार उचलला, त्याला ऑगस्टमध्ये कोणी सहसा घालवीत नाही. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तेथील हंगामी जागांसाठी भाद्रपदातच चौकशी करावी.

ज्यांना यापुढे जायचे आहे, त्यांनी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा द्यावी. पदवीधराला ती देता येते. लेखाकर्म, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वे व व्यवस्थापन, कायदे, गृहनिर्माण संस्था, बँका व पतसंस्था असे तिचे सहा विषय आहेत. ही पदविका आणि लेखापरीक्षणाचा अनुभव यांच्या बळावर पुढे प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. ज्या सहकारी संस्था अधिनियमावर हे सारे उभे आहे, तो १९६० चा अधिनियम महाराष्ट्रात आला तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि त्यांचा जन्म १९१३ साली आपल्या देवराष्ट्र्यातला. त्या कायद्याने खेड्यातल्या माणसाच्या हाती संस्था दिली. त्या संस्थेची वही खरी ठेवणे हे त्याच खेड्यातल्या मुलामुलींचे काम आहे. ज्या विधवेने नवऱ्याच्या माघारी आलेले पैसे ठेवीत ठेवले, तिला ताळेबंद वाचता येत नाही. ती वही लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून पैसे ठेवते.

आता एक सूचना मंडळासाठी. आपल्या स्मरणिकेत दर वर्षी दुकानदार, अडते, व्यावसायिक यांच्या जाहिराती असतात, त्याबद्दल आपण त्यांचे आभारी आहोत. या बंधूंपैकी प्रत्येकाने दर वर्षी एका मुलास किंवा मुलीस मार्च ते जुलै आपली वही लिहिण्यास द्यावी. फुकट राबवू नये. थोडा का होईना, रीतसर पगार द्यावा, आणि अखेरीस त्याने काय काम केले ते एका कागदावर खरे खरे लिहून द्यावे. मी देत असे त्या चिठ्ठीपेक्षा असा कागद शंभरपट मोलाचा ठरेल, कारण तो नात्याचा नसून कामाचा असेल. आणि आईवडिलांनी दुकानातल्या या बसण्याला कमीपणा मानू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत "लग्नापर्यंत वेळ जाईल" असे म्हणू नये. वही खरी ठेवणारी मुलगी दोन्ही घरांचा आधार असते.

दुसरे, आपल्या मंडळाचा स्वतःचा जमाखर्च पुढील वर्षापासून या पदवीधरांकडून लिहून घ्यावा आणि याच व्यासपीठावरून त्यांनीच तो वाचून दाखवावा. सभासदांनी प्रश्न विचारावेत. व्हाउचर नसेल तर अध्यक्षांच्या खर्चालाही त्यांनी "सही हवी" म्हणावे, आणि आपण मोठ्यांनी त्याचा राग मानू नये. तेवढे धैर्य त्यांना आपल्या घरात शिकता आले नाही, तर ते परक्याच्या कचेरीत कोठून येईल?

त्या जुन्या विद्यार्थ्याला मी गेल्या वर्षी भेटलो. तो आता स्वतःचे लहानसे किराणा दुकान चालवितो. गल्ल्याजवळ कीर्द होती. मी ती न विचारता उघडली. प्रत्येक नोंदीला पावतीचा क्रमांक होता. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. चहा झाला आणि मी निघालो.

आजच्या सत्कारमूर्तींना माझा आशीर्वाद आहे. चिठ्ठी मात्र मागू नका. वही घेऊन या, ती मी डोळ्यांत तेल घालून तपासून देईन.