थकलेला हप्ता आणि घराची अब्रू

सेनगाव तालुक्यातील आपल्या पुसेगावात ज्या वर्षी सोयाबीनचा भाव पडतो आणि नेमका त्याच वर्षी घरात आजार किंवा लग्न निघते, त्या वर्षी घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते थकतात, आणि मग त्या कुटुंबाला पैशाइतकीच इभ्रतीचीही विवंचना लागते. पूर्वी जप्तीची दवंडी वेशीपाशी विरत असे. आज नोटिशीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले, की ते घटकाभरात पुण्यामुंबईच्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचते, आणि पुढे कर्ज फिटले तरी ते पुसले जात नाही.

तारण मालमत्तेच्या वसुलीसाठी २००२ साली झालेल्या सरफेसी कायद्यान्वये कर्जदारास आधी ६० दिवसांच्या मुदतीची नोटीस मिळते. त्या मुदतीत रक्कम न भरल्यास बँक ताबा घेते आणि तशी जाहीर सूचना दोन वर्तमानपत्रांत, पैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापते. त्या घराचा सौदा कोणी अजाणता करू नये, हा त्या प्रसिद्धीचा हेतू असल्यामुळे ती न्याय्यच मानली पाहिजे. परंतु थकबाकीदाराला चारचौघांत खाली मान घालावयास लावणे हा वसुलीचा मार्ग नव्हे. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुली एजंटांना जाहीर मानहानी, नातलगांच्या व मित्रांच्या खाजगीपणावर आक्रमण, समाजमाध्यमांवरील अनुचित संदेश आणि सकाळी आठपूर्वी किंवा सायंकाळी सातनंतरचे तगाद्याचे फोन या सर्वांस स्पष्ट मनाई केली आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ सालीच दिला, आणि कर्ज थकले म्हणून तो हक्क तारणात जात नाही.

मला अधिक चिंता वाटते ती स्वतः संकटग्रस्ताच्या हातून होणाऱ्या प्रकटीकरणाची. मदतीच्या आशेने तो कर्जखात्याचा क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि घराचा पत्ता यांसह अख्खी नोटीस फेसबुकवर टाकतो, आणि ‘थोडे शुल्क भरा, कर्ज मिटवून देतो’ म्हणणारे भामटे नेमके तेच कागद हेरीत असतात. तेव्हा नोटीस घेऊन थेट शाखेत किंवा वकिलाकडे जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र व्यक्तीस वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. शेजाऱ्याची नोटीस आपल्या हाती आली, तर ती पुढे पाठवू नये. एजंटाने बेअब्रू केलीच, तर त्याचे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत, बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागावी. त्यासाठी काही शुल्क पडत नाही.