बोटीवरचं जुनं नाव

फळ्यावरची अक्षरं पुसण्यात माझी वीस वर्षं गेली. खडूनं लिहावं, तास संपला की डस्टर फिरवावं, फळा पुन्हा कोरा. त्यामुळं लिहिलेलं पुसणं ही एक विद्या आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत हर्णैच्या किनाऱ्यावर एका होडीवरची बारा अक्षरं उतरवायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत जे शिकलो, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

झालं असं की, माझ्या मावसभावानं, आम्ही त्याला दादा म्हणतो, एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. विकणारे गावातलेच एक वृद्ध काका. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, यांचे गुडघे गेलेले. होडी ठेवून करायचं काय? नाळीच्या दोन्ही अंगांना व्हिनाइलच्या कापीव अक्षरांत त्यांच्या आईचं नाव होतं : ‘आई सत्यभामा’. व्यवहार ठरला तेव्हा काकांनी पैशांची घासाघीस केली नाही. एवढंच म्हणाले, “नाव खरवडू नका. उतरवा.”

या दोन क्रियापदांतला फरक मराठीच्या प्राध्यापकाला तरी कळायला हवा होता! पण मी उत्साहानं रंगाऱ्याची लोखंडी पट्टी घेतली आणि पहिल्याच ‘आ’वर जोर केला. अक्षराचा नखाएवढा तुकडा उडाला आणि खाली बोटभर ओरखडा उमटला. दादा रागावला नाही. ओरखड्यावरून बोट फिरवून म्हणाला, “मास्तर, ही होडीची कातडी आहे.”

ही उपमा नव्हे, वस्तुस्थिती आहे. फायबरची होडी म्हणजे राळेत भिजवून एकावर एक बसवलेले काचेच्या धाग्यांचे थर. त्यांवर बाहेरून रंगीत, गुळगुळीत राळेचं एक कवच असतं. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढी. ते कवच फाटलं की पाणी आतल्या थरांत झिरपतं, पुढं फोड येतात आणि थर सुटू लागतात. ज्याचं पोट त्या होडीवर आहे, त्याला हा ओरखडा म्हणजे शोभेचा प्रश्न नसतो. दादानं तो त्याच रात्री जेलकोटची लुकण भरून बुजवला आणि लोखंडी पट्टी माझ्या हातातून कायमची काढून घेतली.

आता ही अक्षरं इतकी हट्टी का असतात? १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ धातूला रबर चिकटवणारं द्रव्य शोधत होते. गंमत अशी की, शोधत होते चिकटवण आणि हाती आलं मऊ, लवचिक व्हिनाइल. पुढं १९३५ साली स्टॅन्टन ॲव्हरी यांनी स्वतःच चिकटणारी लेबलं तयार केली. आपल्या होडीवरचं अक्षर म्हणजे या दोन कल्पनांचा संसार : वर व्हिनाइलचा पापुद्रा, खाली चिकटवणीचा थर. व्हिनाइल मुळात कडक. मऊपणासाठी त्यात तेलासारखं द्रव्य मिसळावं लागतं. वर्षानुवर्षांच्या उन्हात ते द्रव्य निघून जातं आणि पापुद्रा पापडासारखा ठिसूळ होतो. ओढावं तर तुकडे पडतात आणि चिकटवण होडीवरच राहते.

यावर पहिला उपाय ऊब. गरम झालं की पापुद्रा मऊ होतो आणि चिकटवणीची पकड ढिली पडते. मे महिन्यात दुपारचं ऊन पुष्कळ काम करतं. नाहीतर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं जाड फडकं अक्षरावर दाबून धरावं. केस वाळवायचं यंत्रही चालतं, पण ओल्या वाळूत विजेची वायर न्यायची नाही, हे लक्षात ठेवा. रंग जाळायची हीटगन मात्र टाळावी. तिची हवा पाचशे अंशांपर्यंत तापू शकते आणि तेवढ्यानं जेलकोटच भाजून निघेल. खूण सोपी आहे : होडीवर हात ठेवता यावा, पण फार वेळ ठेवता येऊ नये.

मग अक्षराचा कोपरा नखानं किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं उचलावा आणि पापुद्रा स्वतःवरच दुमडून, होडीच्या अंगालगत, सावकाश ओढावा. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. झटका दिला की चिकटवण घट्ट धरते आणि पापुद्रा तुटतो. वेळ दिला की ती आपण होऊन सोडते. माझं पहिलं अक्षर बावीस तुकड्यांत निघालं. शेवटचा ‘मा’ मात्र अखंड निघाला. ते तुकडे दादानं मला वाळूतून एकेक वेचायला लावले. “हे कुजत नाही, माशाच्या पोटात जातं,” म्हणाला.

उरलेल्या चिकटवणीवर खोबरेल किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन लावून दहा मिनिटं गप्प बसावं. मग सुती फडक्यानं पुसावं आणि साबणाच्या पाण्यानं धुवावं. कोणतंही द्रव्य आधी आडबाजूला लावून पाहा. होडी रंगवलेली असेल तर थिनरनं अक्षरांबरोबर रंगही उतरेल. ॲसिटोन जपून वापरा. जेलकोटवर साचू दिलं तर ते त्यालाही मऊ करतं, शिवाय पटकन पेट घेतं. हातमोजे घाला, वारा असू द्या, बिडी लांब ठेवा. आणि हो, नोंदणीच्या क्रमांकाला हात लावायचा नाही. ती होडीची सरकारदरबारची ओळख आहे.

तिसऱ्या दिवशी सगळं धुऊन पुसून मागं सरलो आणि पाहतो तो काय, ‘आई सत्यभामा’ पूर्वीपेक्षा ठळक! भोवतालचा निळा रंग उन्हानं विटून खडूसारखा झाला होता. अक्षरांखालचा मात्र झाकलेला राहिल्यानं पहिल्या दिवसासारखा गर्द होता. पॉलिशचं कंपाउंड घेऊन तासभर घासलं. विटलेला थर बराच निघाला, नाव फिकट झालं, पण गेलं नाही. मी पाणकागद मागितला. दादा म्हणाला, “अर्ध्या मिलिमीटरातलं किती खर्चायचं? राहू दे. आता सगळीकडं सारखंच ऊन लागेल, दोन-तीन वर्षांत आपोआप एक होईल.”

संध्याकाळी काका काठी टेकत आले. तिरप्या उन्हात नाव दिसत होतं. त्यांनी जवळ जाऊन त्यावरून तळवा फिरवला. कुठं ओरखडा लागतो का, ते पाहत असावेत. मी बुजवलेल्या जागेकडं बघायचं टाळलं.

“गुळगुळीत आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळानं दादाला विचारलं, “तुझं नाव कुठं लावणार?”

“मागं,” दादा म्हणाला. “इथं इतक्यात काही लावत नाही.”

काकांनी मान हलवली आणि वाळूतून सावकाश घराकडं निघाले.