झांकली मूठ आणि राज्याचें गुपित



राज्याचें गुपित कोणाच्या हातीं द्यावें, हा प्रश्न राजनीतीइतकाच जुना आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या नोकरीमध्यें गुप्त सरकारी कागद हाताळावे लागतात, तिच्यासाठीं उमेदवाराला आधीं सुरक्षा-परवाना मिळवावा लागतो. हा परवाना कोणाचाहि हक्क नव्हे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं सांगितलें आहे.

उमेदवाराची पारख करण्यासाठीं तेरा नियमसूत्रें असून त्यांचें विद्यमान स्वरूप ८ जून २०१७ पासून अंमलांत आलें. त्यांपैकीं एक सूत्र मादक पदार्थांच्या सेवनाविषयीं आहे. निषिद्ध पदार्थ घेतांना ज्याला कायद्याचा धाक वाटला नाहीं, त्याला गुप्ततेचे नियम मोडतांना तरी तो वाटेल काय, ही शंका या सूत्राच्या मुळाशीं आहे.

मग तारुण्यांत कधीं काळीं गांजा ओढलेल्या मनुष्याला हें दार कायमचें बंद होतें काय? तसें नाहीं. सेवन किती वेळां घडलें, त्याला किती काळ लोटला, जुनी संगत सुटली कीं नाहीं, या सर्वांचा विचार करून सबंध मनुष्य पारखावा, असा दंडक आहे. पूर्वीचें गांजासेवन विचारांत घ्यावें, परंतु तेवढ्यावरच निकाल देऊं नये, असें राष्ट्रीय गुप्तवार्ता-संचालकांनीं डिसेंबर २०२१ मध्यें कळविलें. मात्र एखाद्या घटकराज्यानें गांजाला मोकळीक दिली, ही सबब चालणार नाहीं, हें २०१४ सालींच बजावण्यांत आलें होतें. आणि जो आजहि बेकायदा सेवन करतो किंवा व्यसनाधीन आहे, त्याला परवाना देण्यास २००८ चा कायदा मनाई करतो.

खरा धोका लपविण्यांत आहे. ८६ क्रमांकाच्या प्रश्नावलींत मागील सात वर्षांतील सेवनाची विचारणा आहे. परवाना हातीं असतांना सेवन केलें असल्यास त्याला वर्षांची मर्यादा नाहीं. खरें उत्तर दिल्यास तें पुढें फौजदारी खटल्यांत उमेदवाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरलें जात नाहीं. उलट, जाणूनबुजून खोटें लिहिल्यास तोच स्वतंत्र गुन्हा होतो व त्याला पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. शिवाय तपासनीस शेजाऱ्यांना व ओळखीच्या माणसांना भेटतात. त्यामुळें लपविलेली गोष्ट बाहेर येण्याचा संभव असतोच. ती बाहेर आली नाहीं, तरी जो कोणी ती जाणतो त्याला या मनुष्यास धाक घालण्याचें साधन मिळतें. शत्रूचे हेर अशाच साधनाच्या शोधांत असतात.

अमेरिकेचे नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंहि आतां अशा नोकऱ्यांसाठीं अर्ज करतात. अशा वेळीं घरांतील वडील माणसें अब्रूच्या काळजीनें “झांकली मूठ सव्वा लाखाची” असा सल्ला देतील, तर त्यांनीं थोडें थांबावें. लग्नाच्या बैठकींत ती म्हण कदाचित् उपयोगी पडत असेल. या प्रश्नावलीपुढें तीच मुलाचा घात करील. वर्षांमागें घडलेलें सेवन काळाच्या ओघांत क्षम्य ठरूं शकतें, पण काल लिहिलेल्या असत्याला तो आधार मिळत नाहीं. ज्याच्या हातीं राष्ट्राचें गुपित द्यावयाचें, त्यानें स्वतःचें गुपित आधीं खुलें करावें, एवढीच तेथील राज्याची अपेक्षा आहे.