पथ्य आणि पटांगण
(महाजन मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यावर बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. मी जन्मभर कचेरीत आवक-जावक लिहिणारा मनुष्य. तरी चार शब्द बोलण्याचे धाडस करतो, ते माझ्या नातीमुळे.

माझी कन्या कलबुर्गीस नांदते. आम्हां जुन्यांच्या तोंडी ते अद्याप गुलबर्गाच. तिच्या मुलीस नवव्या वर्षी मधुमेह जडला. थोरामोठ्यांस सहसा होतो तो हा नव्हे. ह्यात शरीर इन्सुलिन निर्माण करीनासे होते आणि दररोज सुई टोचून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आम्ही गाणगापुरास गेलो, भीमा-अमरजेच्या संगमी स्नान केले, पादुकांचे दर्शन घेतले. मनास धीर आला. परंतु परतल्यावर एक चूक केली : पोरीचे खेळणे बंद केले. शाळेनेही तिला भिंतीकडेला बसविले. मैत्रिणी खो-खो खेळत आणि ही त्यांच्या चपला राखी. हळूहळू ती अबोल झाली; सुईची वेळ आली की लपून बसू लागली.

अखेर डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या, पण हिशेबाने." हिशेब म्हणताच मला हुरूप आला. मी वही आखून दिली. खेळापूर्वी रक्तातील साखर तपासून नोंदवायची. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. हातपाय थरथरले वा दरदरून घाम सुटला, तर डाव सोडून पुडी तोंडात टाकायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. धावण्यामुळे साखर कित्येक तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून निजण्यापूर्वी आणखी एक नोंद. तिकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. वीज गेली की इन्सुलिनच्या कुप्या ओल्या मडक्यात ठेवतात.

आता वही तीच लिहिते. गेल्या वर्षी एका सामन्यात पाठलाग करता करता ती थांबली, हात वर केला आणि खाली बसली. पुडी कोठे आहे हे मैत्रिणींस ठाऊक होते. घरच्यांस मात्र हे सायंकाळी कळले.

कॅनडात १९२२ साली प्रथमच एका मधुमेही मुलास इन्सुलिन टोचले गेले. १९१८ साली जन्मलेल्या अमेरिकेच्या बिल टॅल्बर्टला दहाव्या वर्षी हाच आजार झाला आणि त्याचेही खेळ बंद करण्यात आले. काही वर्षांनी त्याला टेनिसची मोकळीक मिळाली. पुढे त्याने गार्डनर मलॉयसमवेत आपल्या देशाचे दुहेरीचे अजिंक्यपद चार वेळा जिंकले. आणि आपल्या कर्नाटकाचे भागवत चंद्रशेखर! लहानपणी पोलिओने उजवा हात क्षीण झाला, त्याच हाताने त्यांनी १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले. अर्थात प्रत्येक आजाराचा हिशेब निराळा. दम्याच्या वा हृदयाच्या मुलाबाबत डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

समितीस एक विनंती. आपल्या उत्सवातील मुलांच्या स्पर्धांच्या अर्जात आजाराचा रकाना अवश्य ठेवावा. त्यावरून कोणाचे नाव मात्र वगळू नये. पुडी कोणाजवळ द्यायची, एवढेच त्यावरून ठरवावे. सुटीत नात येथे येणार आहे. तिचा अर्ज मीच भरून देईन.