वऱ्हाडचीं छायाचित्रें आणि जगाचीं चित्रभांडारें



‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असें ज्या प्रांताविषयीं म्हटलें जाई, त्या अकोला-अमरावतीकडील कापूस, वरूड-मोर्शीचीं संत्रीं, मेळघाटचें अरण्य आणि गाविलगडाचे बुरूज यांचीं चित्रें आज जगाच्या पाठीवर कोठेंही छापलीं जाऊं शकतात. शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, अलामी यांसारखीं चित्रभांडारें छायाचित्रें तपासून आपल्या संग्रहांत ठेवतात. प्रकाशक वा जाहिरातदार त्यांच्या वापराचा परवाना विकत घेतो, तेव्हां मोबदल्याचा अंश छायाचित्रकारास मिळतो. मात्र या भांडारांच्या दारावर परीक्षा असते. चित्र कोणाचें आहे हें तेथें पाहत नाहींत. तें कसें आहे एवढेंच पाहतात.

नाकारल्या जाणाऱ्या चित्रांचे दोष बहुधा तेच ते असतात : प्रकाशाचें प्रमाण चुकलेलें, बिंब अस्पष्ट, सावलींत रंगीत कण, आकार अपुरा. यांपैकीं पहिला दोष वऱ्हाडांत विशेष संभवतो, व त्याचें कारण येथील भूमींतच आहे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सारें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरतो. फुटलेल्या कापसाच्या शेतांत काळ्या मातीचा भाग अधिक आला, कीं ती माती उजळ करण्याच्या प्रयत्नांत तो बोंडांतील कापूस पांढरा फटक करून टाकतो. त्यांतील धागा नाहींसा होतो. उलट बाजाराच्या आवारांत कापसाचा ढीग सारी चौकट व्यापून असला, तर तोच मापक त्या ढिगास मळकट करतो. म्हणून शेतांत प्रकाश अर्धा ते एक ‘स्टॉप’ कमी द्यावा, ढिगासमोर तितकाच अधिक द्यावा, आणि हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेवर आदळला नाहीं ना, हें प्रत्येक वेळीं पाहावें. पूर्ण जळालेला पांढरा भाग मागाहून संगणकावरही परत मिळत नाहीं. सावल्या कांहीं अंशीं उजळतां येतात. पण फार उजळल्या कीं त्यांत कण दिसूं लागतात. चित्र ‘रॉ’ स्वरूपांत घेतल्यास दुरुस्तीला अधिक वाव राहतो.

उन्हाळ्यांत भर दुपारीं पागोट्याखालील चेहरा काळा पडतो आणि तापलेल्या हवेंतून दूरचें दृश्य थरथरतें. तेव्हां उत्तम भिंगाचाही उपाय चालत नाहीं. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वींचा तास कामास घ्यावा. कॅमेरा हातीं धरून २०० मिलिमीटरच्या भिंगानें चित्र घ्यावयाचें, तर शटरचा वेग निदान १/२०० सेकंद असावा. आयएसओ शक्य तितका कमी ठेवावा व प्रकाश मंद असेल तेथें तिपाई वापरावी. जिनाच्या आवारांत हवेंत कापसाचे तंतु तरंगत असतात. तेथें भिंग बदलूं नये, कारण संवेदकावर बसलेला कण पुढील प्रत्येक चित्रांतील आकाशांत डाग होऊन उमटतो. पाठविण्यापूर्वीं चित्र पडद्यावर पूर्ण, म्हणजे १०० टक्के, आकारांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावें.

आकाराविषयीं सांगावयाचें तर शटरस्टॉक व अ‍ॅडोबी स्टॉक यांस किमान ४० लक्ष बिंदूंचें चित्र लागतें. २४०० × १८०० बिंदूंचें चित्र या अटींत बसतें. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीनें आलेलें चित्र संकोच पावलेलें असतें. तें पुन्हां मोठें केल्यानें गेलेला तपशील येत नाहीं. मूळ प्रत जपून ठेवावी. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं गेलें, पुढें गाडीही बंद पडली. अशा विषयाचें चित्र दुसऱ्यांदा घेतां येत नसतें.

आतां अधिक महत्त्वाची गोष्ट. जाहिरातीच्या उपयोगासाठीं चित्रांत ओळखूं येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचें लेखी संमतिपत्र लागतें. मूल असल्यास पालकाची सही लागते. बियाण्याच्या पिशवीवरील वा ट्रॅक्टरवरील व्यापारचिन्ह दिसलें तरी चित्र परत येतें. संमति नसल्यास कांहीं भांडारें स्थळ व तारीख घेऊन तें केवळ वृत्तविषयक उपयोगासाठीं स्वीकारतात. हा नियम निव्वळ कागदी अडथळा नव्हे. विकलेलें चित्र कोणत्या मजकुराशेजारीं छापलें जाईल, हें छायाचित्रकारासही आधीं कळत नाहीं. कापूस वेचणाऱ्या बाईचा दमलेला चेहरा उद्यां एखाद्या कर्जाच्या जाहिरातींत येईल, आणि तिच्याच गांवचा मुलगा तो तिला मोबाईलवर दाखवील. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचें मोल या प्रांतानें सावकारीच्या काळांत पुष्कळ मोजलें आहे. म्हणून संमतिपत्र तिच्या बोलींत समजावून द्यावें, मेळघाटांत कोरकू जाणणारा मनुष्य सोबत घ्यावा, मोडलेल्या मजुरीचे पैसे द्यावे, आणि जो ‘नको’ म्हणेल त्याचें चित्र घेऊं नये.

शेवटीं चित्रास नांव द्यावयाचें. शटरस्टॉकवर ५० पर्यंत शोधशब्द देतां येतात. पण ‘भारतीय खेडें’ एवढ्यानें भागत नाहीं. जिल्हा, पीक, काम व महिना हीं नेमकीं लिहावीं. चित्र नाकारल्याचें कारण कळविलें जातें, तें वहींत टिपावें. एकच कारण वारंवार आढळलें, तर पुढचा अभ्यास कशाचा हें आपोआप ठरतें.

बाहेरचा छायाचित्रकार वऱ्हाडांत बहुधा दुष्काळाच्या वा शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या वार्तेमागें येतो. तें दुःख खरें आहे; पण येथील वेचणी, पोळा आणि संत्र्याचा बहरही तितकाच खरा आहे. तो जगास दाखवावयाचा, तर काम येथल्याच तरुणांनीं हातीं घेतलें पाहिजे, व तें परीक्षेस उतरेल असें केलें पाहिजे.