कष्ट सारखे, वाटा वेगळ्या : अमेरिकेतील काळे लोक आणि इटालियन

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "या वेळी बाहेरच्या मुलखातलं काहीतरी सांगा, पण आपल्या पोराबाळांच्या उपयोगी पडेल असं सांगा." म्हणून आज अमेरिकेतल्या दोन समाजांविषयी बोलणार आहे. पहिला समाज आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वंशजांचा. दुसरा इटलीतून पोटासाठी गेलेल्या लोकांच्या वंशजांचा.

अमेरिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. "इटालियनही फाटक्या कपड्यांनी आले. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनीही शिव्या खाल्ल्या. पण ते वर आले. मग काळे लोक का नाही आले?" प्रश्न साळसूद दिसतो, पण उत्तर त्यातच दडवलेलं असतं. तुमच्यातच काहीतरी खोट आहे, असं ते उत्तर. नावं बदलली की हाच प्रश्न आपल्या मुलांना कॉलेजात आणि ऑफिसात ऐकावा लागतो. म्हणून तो टाळायचा नाही. हिशोब मांडून त्याचं उत्तर द्यायचं.

आधी सुरुवात बघू. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकन उतरवले गेले. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. म्हणजे २४६ वर्षं झाली. या काळात गुलामाला मजुरी नव्हती, जमीन नव्हती, त्याच्या लग्नाला कायद्याचा आधार नव्हता. अनेक राज्यांत त्याला लिहायला-वाचायला शिकवणं हासुद्धा गुन्हा होता. १८६५ साली असे सुमारे ४० लाख लोक मोकळे झाले. पण खिशात काय? काही नाही. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी त्यांना देण्याचा हुकूम काढला होता. हजारो कुटुंबं त्या जमिनीवर बसलीही. वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. मग त्याच मालकाकडे बटाईने राबायचं, त्याच्याच दुकानातून उधारीने दाणे घ्यायचे, आणि वर्षाअखेरी हिशोबात देणंच निघायचं. हे सगळं आपल्या आजोबा-पणजोबांना काही नवीन नाही.

आता इटालियन. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. आकडा बघा, इकडेही ४० लाख, तिकडेही ४० लाख. यातले बहुतेक दक्षिण इटली आणि सिसिलीचे शेतमजूर. त्यांनी बोगदे खोदले, रूळ टाकले, गोदीत ओझी वाहिली. मुकादम त्यांच्या मजुरीतून आपला वाटा कापून घेई. १९११ साली न्यूयॉर्कच्या एका शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. त्यात १४६ कामगार मेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली होत्या. तेव्हा इटालियनांना सगळं आयतं मिळालं, असं म्हणणं खोटं होईल. त्यांनी कष्ट केले, आणि अपमानही गिळला. हार्लेमच्या पूर्व भागात त्यांचं एक मोठं चर्च होतं. तिथं कित्येक वर्षं इटालियनांना वरच्या मुख्य सभागृहात जागा नव्हती, तळघरात प्रार्थना करायची. देव एक, धर्म एक, तरी बसायची जागा वेगळी.

एक फरक मात्र सुरुवातीलाच आहे. इटालियन स्वतःहून आले. नाही जमलं तर परत जायची वाट मोकळी होती, आणि पुष्कळजण परत गेलेही. काळ्यांना आणलं होतं बेड्या घालून. त्यांना परतीची वाट कुठली?

आता खरा मुद्दा. इटालियनांचा अपमान होत होता, पण कायद्याच्या कागदावर ते कोण होते? अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्या फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला नागरिक होता येत असे. इटालियन माणूस बोटीतून उतरला त्या दिवसापासून त्या रकान्यात बसत होता. शेजारी त्याला काहीही म्हणोत, सरकारी कचेरीत तो गोरा होता. नागरिक झाला की मत, आणि मतामागून नगरपालिकेची नोकरी, पोलिसातली भरती, ठेके. १९३४ साली इटालियन बापाचा मुलगा फिओरेल्लो ला ग्वार्दिया न्यूयॉर्कचा महापौर झाला. काळ्यांना मताचा हक्क १८७० साली घटनेने दिला. पण दक्षिणेत मतदानावर कर लावून, परीक्षा घेऊन, मारहाण करून तो काढून घेतला. तो हातात खऱ्या अर्थाने पडायला १९६५ चा कायदा यावा लागला. म्हणजे ९५ वर्षं कागदावरचा हक्क कागदावरच राहिला.

दोन घटना शेजारी ठेवून बघा. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या संशयावरून जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार मारलं. फार वाईट झालं. पण पुढे काय झालं? इटलीच्या सरकारने आपला वकील वॉशिंग्टनहून परत बोलावला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला नुकसानभरपाई द्यावी लागली. आणि काळे? १८७७ ते १९५० या काळात जमावाने मारलेल्या काळ्यांची नोंद ४४०० च्या वर जाते. त्यांच्यासाठी कुठल्या सरकारने वकील परत बोलावला? असा झुंडबळी हा केंद्राच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरायला २०२२ साल उजाडलं.

बँकेची गोष्ट घ्या. १९०४ साली अमादेओ जियानिनी याने सॅन फ्रान्सिस्कोत 'बँक ऑफ इटली' काढली. भाजीवाला, मासेवाला अशा लहान माणसांना तो कर्ज देई. १९०६ च्या भूकंपानंतर त्याने धक्क्यावर फळी टाकून कर्जवाटप सुरू केलं. तीच बँक पुढे 'बँक ऑफ अमेरिका' झाली. काळ्यांसाठीही एक बँक होती, १८६५ साली सनद मिळालेली 'फ्रीडमन्स बँक'. मोकळ्या झालेल्या गुलामांनी, सैनिकांनी, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पै पै करून तिच्यात पैसे ठेवले. गोऱ्या कारभाऱ्यांनी ते सट्ट्यासारख्या धंद्यांत घातले. १८७४ साली बँक बुडाली. ६१ हजारांवर ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. काहींना थोडे परत मिळाले, पुष्कळांना काहीच नाही. आता सांगा, काटकसर कुणी केली नाही?

शिक्षणाचं तसंच. १८७० साली अमेरिकेतल्या काळ्यांपैकी शंभरातले ८० निरक्षर होते. १९३० साली हे प्रमाण १६ वर आलं. साठ वर्षांत! तेही कसल्या शाळांत? गोऱ्यांच्या शाळांपेक्षा कितीतरी कमी पैशांवर चालणाऱ्या. १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेत रोझेनवाल्ड नावाच्या दानशूर व्यापाऱ्याच्या मदतीने काळ्यांसाठी सुमारे ५००० शाळा उभ्या राहिल्या. पण मोठं ओझं काळ्या शेतमजुरांनीही उचललं. कुणी वर्गणी दिली, कुणी जमीन, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. सरकारचा कर भरूनही शाळेसाठी परत वर्गणी द्यायची, म्हणजे दुप्पट कर झाला. ज्या समाजाने हे केलं त्याला शिक्षणाची आवड नाही म्हणायला जीभ कशी वळते?

आता घराचा प्रश्न. बंधूंनो, इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी गाठ इथेच आहे. १९३४ नंतर अमेरिकन सरकारने घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली. त्या काळात शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना रंग दिले. काळ्यांची वस्ती म्हणजे लाल रंग, आणि लाल रंग म्हणजे कर्ज धोक्याचं. इटालियनांच्या जुन्या वस्त्यांनाही पुष्कळदा खालचाच दर्जा मिळाला, हे खरं आहे. पण इटालियन माणूस ती वस्ती सोडून दुसरीकडे घर घेऊ शकत होता. काळा माणूस जाईल तिथे लाल रंग त्याच्या मागे जाई. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही हजारो स्वस्त घरांची वसाहत सुरू झाली. तिच्या करारातच कलम होतं की गोऱ्याखेरीज कुणी इथे राहायचं नाही, घरकामाचा नोकर सोडून. म्हणजे भांडी घासायला चालेल, दाराला पाटी लावायला चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कायदा झाला. शिक्षणाचा खर्च, घराला आणि धंद्याला सरकारी हमीचं कर्ज. इटालियन पोरं लढली होती, काळी पोरंही लढली होती. इटालियन पोरं कॉलेजात गेली, घरमालक झाली. १९४७ साली मिसिसिपीच्या १३ शहरांची पाहणी झाली. तिथे सैनिकांना हमीची ३२२९ कर्जं मिळाली होती. त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन. दोनशे नव्हे, दोन.

आणि घर म्हणजे नुसता निवारा नसतो. घर गहाण ठेवून पोराला कॉलेजात घालता येतं, आजारपण निभावतं, आणि मागे राहतं ते पोरांच्या नावावर होतं. इटालियन आजोबाने १९५० साली घेतलेलं घर नातवापर्यंत दसपट किमतीचं होऊन पोचलं. काळ्या आजोबाने तितक्याच वर्षांत भाडं भरलं. भाड्याच्या पावत्या वारसाहक्काने मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना लगेच कळेल. इटालियनांच्या तिसऱ्या पिढीने आयरिश, जर्मन, पोलिश अशा कुटुंबांशी बेटीव्यवहार सुरू केला. हळूहळू इटालियन म्हणजे एक आडनाव आणि सणाचं जेवण एवढंच उरलं. काळ्या-गोऱ्यांचं लग्न मात्र १९६७ सालापर्यंत १६ राज्यांत कायद्याने गुन्हा होता. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले. ज्याच्याशी रोटी-बेटी होते तो दोन पिढ्यांत आपला होतो. ज्याच्याशी होत नाही, त्याचे शंभर गुणही मोजले जात नाहीत.

आजची स्थिती काय आहे? इटालियन वंशाच्या कुटुंबांचं उत्पन्न आज देशाच्या सर्वसाधारण पातळीच्या वर आहे. काळ्यांची प्रगतीही थांबलेली नाही. १९६७ साली थर्गुड मार्शल सर्वोच्च न्यायालयात बसले, २००८ साली बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पण सामान्य घराचं बघा. सगळी कुटुंबं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीने उभी केली, तर मधोमध जे कुटुंब येतं त्याचा २०२२ सालचा आकडा सांगतो. गोऱ्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ८१ हजार डॉलर, काळ्या कुटुंबाचं सुमारे ५३ हजार. आता मालमत्ता. गोऱ्याची २ लाख ८५ हजार डॉलर, काळ्याची ४४ हजार ९००. सोप्या हिशोबात सांगायचं तर कमाईत गोऱ्याच्या रुपयामागे काळ्याचे ६५ पैसे, आणि साठवणीत १६ पैसे. कमाई आजच्या कष्टाची असते, साठवण आजोबाच्या काळापासूनची. कमाईतला भेदही लहान नाही. पण ६५ आणि १६ यांच्यामधली ती दरी कशाने पडली? बुडालेली बँक, लाल रंगाचा नकाशा आणि ती दोन कर्जं, हे सगळं त्या दरीत जमा आहे.

कुणी म्हणेल, नायजेरियातून अलीकडे आलेले काळे लोक तर चांगले शिकलेले आहेत! आहेतच. पण ते पदवी घेऊन विमानाने आले. त्यांच्या यशाने एवढंच सिद्ध होतं की कातडीच्या रंगात खोट नाही. मग खोट होती ती कायद्यात आणि व्यवहारात.

सगळे इटालियन या व्यवस्थेच्या बाजूने होते असं मात्र समजू नका. पूर्व हार्लेममधून निवडून जाणारा व्हिटो मार्कांतोनियो हा इटालियन खासदार दक्षिणेतला मतदान-कर रद्द करण्यासाठी संसदेत वर्षानुवर्षं झगडला. १९५१ साली काळ्यांचे थोर विद्वान डू बॉइस यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र याच मार्कांतोनियोने घेतलं, आणि डू बॉइस सुटले. हे डू बॉइस आपल्याला परके नाहीत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. पुढे १९४६ साली काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेल्याचं कळल्यावर बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या, आणि डू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' नाव दिलं ते अमेरिकेच्या 'ब्लॅक पँथर'वरून. ही ओळख जुनी आहे.

तर मुलांनो, उद्या कुणी विचारलं की "अमके वर आले, तुम्ही का नाही?" तर चिडू नका, आणि मान खालीही घालू नका. शांतपणे उलट विचारा : त्या काळी जमीन कुणाला मिळाली? कर्ज कुणाला मिळालं? शाळा, मत, घर कुणाला मिळालं? त्याच्या मुलीशी लग्न कोण करू शकत होतं? ज्याला ही उत्तरं माहीत नाहीत, त्याला तो पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही.

आणि घरच्या मोठ्यांना एक विनंती. आपल्या घराचाही असा हिशोब वहीत लिहून ठेवा. आजोबांची जमीन किती होती, कशी गेली, पहिली शाळा कुणी पाहिली, पहिलं पक्कं घर कोणत्या साली झालं, त्यासाठी कर्ज कुठून मिळालं. पोरांना तोंडी सांगितलेलं उडून जातं, वहीतलं राहतं.